अभयारण्याची हद्द धुऱ्यापर्यंत आली तर



उमरेड, भिवापूर, कुही, पारशिवनी, रामटेक, हिंगणा या तालुक्यांतील जंगलकाठच्या गावांत एक बातमी दर दोन-चार वर्षांनी फिरते. "आपलं गाव वाघाच्या जंगलात जाणार." पानठेल्यावर बोलणे सुरू होते. कोणी म्हणतो सात-बारा कोरा होणार, कोणी म्हणतो ढोरे विकून टाका, कोणी म्हणतो आता मोटारगाड्या येतील, जमिनीला सोन्याचा भाव येईल. या तिन्ही गोष्टींवर घाईने विश्वास ठेवणाऱ्यांचे नुकसान होते. भीतीपोटी जमीन कवडीमोलाने विकली जाते, आणि पुढे त्याच जमिनीवर दुसऱ्या कोणाचे तरी हॉटेल उभे राहते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट अशी की, हद्दी वाढत आहेत हे खरे आहे. आपल्याच भागाकडे पाहा. वर्ध्याच्या सीमेवरचे बोर अभयारण्य १९७० चे. पेंच राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये झाले, २५७ चौरस किलोमीटरचे, आणि १९९९ मध्ये तेथे व्याघ्र प्रकल्प आला. २०१० मध्ये त्याला लागून मानसिंगदेव अभयारण्य झाले. २०१२ मध्ये उमरेड-करांडला, सुमारे १८९ चौरस किलोमीटर, नागपूर आणि भंडारा या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, २०१४ मध्ये बोर व्याघ्र प्रकल्प. रामटेककडचे मोगरकसा तर आता संवर्धन राखीव आहे. म्हणजे वडिलांच्या वेळी जे साधे 'सरकारी जंगल' होते, त्याला मुलाच्या वेळी वेगवेगळी नावे मिळाली आहेत. हे इथे थांबेल असेही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी जगातल्या देशांनी ठरविले की, २०३० पर्यंत पृथ्वीवरील जमीन आणि समुद्र यांचा ३० टक्के भाग राखायचा. त्यात आपला देशही आहे. तेव्हा ही हद्द आज ना उद्या कोणाच्या तरी धुऱ्यापर्यंत येणारच.

नाव एक, अर्थ अनेक

आपल्याकडे गोंधळ होतो तो नावांचा. सगळ्यालाच लोक 'अभयारण्य' म्हणतात. पण कायद्याने प्रत्येकाचा अर्थ निराळा आहे.

राष्ट्रीय उद्यान हे सर्वांत कडक. तेथे गुरे चारता येत नाहीत. अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षक ठरवतील त्या नियमाने चराईला वाव राहू शकतो, आणि चौकशीत मान्य झालेला एखादा हक्क पुढेही चालू ठेवता येतो. व्याघ्र प्रकल्पात दोन भाग असतात. आतला गाभा आणि भोवतालचे बफर. बफरमध्ये गावे राहतात, शेती राहते, सात-बारा तुमचाच राहतो. गाभा जाहीर करताना आदिवासींचे व इतर वननिवासींचे हक्क बाधित होऊ देऊ नयेत आणि बफरची हद्द ठरविताना ग्रामसभेचा सल्ला घ्यावा, असे २००६ च्या दुरुस्तीने कायद्यातच लिहिले आहे. संवर्धन राखीव सरकारी जमिनीवर होते व त्यासाठीही स्थानिक लोकांशी विचारविनिमय करावा लागतो.

पाचवा प्रकार म्हणजे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र. हे वन्यजीव कायद्याखाली नसून १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली येते. हा अभयारण्याच्या बाहेरचा पट्टा. येथे खाणी, गिट्टीचे क्रशर, दूषित पाणी सोडणारे कारखाने यांना बंदी असते. हॉटेल, रिसॉर्ट, झाडतोड यांवर नियंत्रण असते. चालू शेती, बागायत, दुग्धव्यवसाय यांना मनाई नसते. धुऱ्यावरचा साग तोडायचा तर परवानगी लागेल, पण ती या पट्ट्याबाहेरही लागतेच. सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये असा पट्टा किमान एक किलोमीटर असावा, असे म्हटले होते. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयानेच तो आदेश सैल केला. गावांवर त्याचा भार पडतो, हे त्यामागचे एक कारण होते. पण आपल्याकडे अजूनही २०२२ ची जुनी कात्रणे दाखवून जमिनीचे दलाल फिरतात. त्यांना आल्या वाटेने परत पाठवावे.

आणखी दोन बारीक नियम. अभयारण्यात किंवा त्यापासून पाच किलोमीटरच्या आत ठेवलेल्या जनावरांना संसर्गजन्य रोगांची लस टोचून घेण्याची तरतूद वन्यजीव कायद्यात आहे. गावची ढोरे आणि जंगलातले गवे, चितळ एकाच नाल्यावर पाणी पितात, त्यामुळे रोग दोन्हीकडे पसरतो. ही लस आपल्याच फायद्याची आहे. आणि दहा किलोमीटरच्या आत परवान्याची बंदूक असेल, तर तिची नोंद वनखात्याकडे करावी लागते.

तोतलाडोहची गोष्ट

हक्क कसे जातात आणि कसे टिकतात, याचे उदाहरण आपल्या जिल्ह्याच्याच टोकाला आहे. पेंच नदीवर तोतलाडोह धरण झाले. पाणी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्हीकडे पसरले, आणि दोन्हीकडे राष्ट्रीय उद्यानाची हद्द होती. या पाण्यात मासळी भरपूर झाली. धरणाच्या कामावर आलेली व आसपासची अनेक माणसे जाळे टाकून पोट भरू लागली. पण राष्ट्रीय उद्यानात मासेमारी म्हणजे गुन्हा.

मध्य प्रदेशच्या बाजूला काय झाले ते पाहा. तेथे उद्यानाच्या जागेत पूर्वी राहणारे आदिवासी होते. उद्यान करण्याचा मनसुबा १९८३ मध्ये जाहीर झाला, पण शेवटची अधिसूचना पुढे कित्येक वर्षे निघालीच नाही. दरम्यान त्या लोकांचा पूर्वापार मासेमारीचा हक्क चौकशीत पुढे आला आणि त्या बदल्यात १९९६ मध्ये ३०५ कुटुंबांना तोतलाडोहच्या जलाशयात मासेमारीचे परवाने देण्यात आले. वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. मार्च १९९७ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. अटी घातल्या. छायाचित्राचे ओळखपत्र जवळ ठेवायचे, परवाना दुसऱ्याला द्यायचा नाही, ठरलेल्या वाटेनेच यायचे-जायचे, काठावर चूल पेटवायची नाही. आणि सरकारला सांगितले की, शेवटची अधिसूचना आता लवकर काढा. जंगल वाचलेच पाहिजे, पण ज्यांचे जगणे त्यावर होते त्यांना मोकळ्या हाताने हाकलून देता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

महाराष्ट्राच्या बाजूला अशी परवानगी मिळाली नाही. धरणाजवळची वस्ती हलविण्यात आली आणि चोरून जाळे टाकणारे व वनखाते यांचा झगडा बरीच वर्षे चालला. पाणी एकच, मासळी एकच. एका काठावर ओळखपत्र, दुसऱ्या काठावर खटला. वनखात्याचेही चुकले असे म्हणता येत नाही, कारण त्याच्या हाती कायदा तोच होता. फरक पडला तो चौकशीत हक्क मांडला गेला की नाही, एवढ्याचा.

याच पाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तोतलाडोहचे पाणी खाली नवेगाव खैरीला येते. त्यावर पारशिवनी, रामटेक, मौद्याकडचे कालवे चालतात आणि नागपूर शहराची तहान भागते. धरणाच्या वरचे जंगल उघडे पडले, तर गाळ कोठे येईल हे धानवाल्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. जंगलाचा हा उपकार आहे. मात्र त्याचे मोल चुकते करतो तो जंगलकाठचा माणूस. शहरातला पाहुणा रविवारी जिप्सीतून वाघ पाहून घरी जातो. वावरात जागल करणाऱ्याला तो वाघ अंधारात भेटतो. भरपाई, चराई, परवाने या गोष्टी मागताना म्हणूनच संकोच करण्याचे कारण नाही. ती भीक नव्हे.

समुद्रावरही हेच

आपण समुद्रापासून दूर, पण कोकणातला मच्छीमार याच फेऱ्यातून गेला आहे. मालवणच्या समुद्रात १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकाळ पाण्यासह. तेथे प्रवाळ आहे, मासळीची पिल्ले वाढतात. पण आजा-पणजापासून जेथे जाळे टाकले तेथे आता कोण अडवणार, या भीतीने मच्छीमारांनी पहिल्यापासून विरोध धरला. कागदावर अभयारण्य आणि पाण्यावर संशय, असे वर्षानुवर्षे चालले. कायद्यात मात्र एक चांगली तरतूद आहे. किनाऱ्यालगतच्या सागरी हद्दीत अभयारण्य करायचे असेल, तर स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची पुरेशी तजवीज आधी करावी लागते. ऑस्ट्रेलियाने २००४ मध्ये आपल्या प्रचंड प्रवाळ-उद्यानातील मासेमारीबंदीचा भाग पाच टक्क्यांहून कमी होता तो ३३ टक्क्यांवर नेला, तेव्हा तेथील सरकारने मासेमारांना आर्थिक मदत दिली होती.

महाराष्ट्रानेही डिसेंबर २०१८ पासून एक योजना आणली. जाळ्यात कासव, बहिरी मासा असा संरक्षित जीव अडकला आणि त्याला सोडण्यासाठी जाळे कापावे लागले, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी मच्छीमार बोटीवरच मोबाइलने फोटो काढून पुरावा देतात. ही फोटोची सवय आपणही उचलावी. पुढे त्याचे काम पडणार आहे.

दोन महिने हातात असतात

खाजगी जमीन किंवा लोकांचे हक्क असलेली जागा अभयारण्यात घ्यायची असेल, तर आधी सरकार तसा इरादा जाहीर करते. त्यानंतर साठ दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांनी त्या भागातील प्रत्येक गावात मराठीतून उद्घोषणा लावावी लागते. त्या उद्घोषणेच्या तारखेपासून दोन महिन्यांत ज्याचा हक्क आहे त्याने लेखी दावा द्यायचा. जिल्हाधिकारी चौकशी करून दावा मान्य किंवा अमान्य करतात. मान्य झाला, तर ती जमीन हद्दीतून वगळता येते, संपादित करता येते, किंवा हक्क चालू ठेवता येतो. संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यावर हरकत घेण्यासाठी साठ दिवस मिळतात.

हे दोन महिने फार लवकर जातात, त्यातही पेरणीचे किंवा कापूस वेचणीचे असले तर विचारूच नका. म्हणून कागद आधीच काढून ठेवावेत. कोणते? सात-बारा आणि आठ-अ सर्वांना ठाऊक आहेत. पण विदर्भातील प्रत्येक गावाची आणखी दोन जुनी कागदपत्रे आहेत, ती तरुण मंडळींना माहीतच नसतात. एक निस्तार पत्रक. गावाने सरकारी पडीत जमिनीवर गुरे कोठे चारावीत, जळाऊ व इमारती लाकूड कसे घ्यावे, याची नोंद त्यात असते. दुसरे वाजिब-उल-अर्ज. त्यात वहिवाटीचे रस्ते, पाण्याचे हक्क, मासेमारीचे हक्क नोंदलेले असतात. मालगुजारी तलावात ढीवर बांधव मासळी धरतात, दुसऱ्याच्या वावरातून बंडी नेण्याची वाट असते, ते सगळे येथे सापडते. तहसील कार्यालयातील अभिलेखातून याच्या नकला मागाव्यात. घरातील म्हाताऱ्या माणसाला सोबत न्यावे, त्याला जुनी नावे कळतात.

एक अडचण मात्र लक्षात घ्या. जागा आधीच राखीव वन असेल, तर वर सांगितलेली चौकशी पुन्हा होत नाही. वन राखीव करतानाच हक्कांचा निकाल लागला, असे धरले जाते. आपल्याकडील बरीच जंगले या प्रकारची आहेत. तेथे २००६ चा वनहक्क कायदा कामाला येतो. मोहफूल, तेंदूपत्ता, चराई, तलावातील मासळी यांवरचा सामूहिक हक्क ग्रामसभेने ठराव करून मागायचा असतो. ज्या गावांनी तो दावा अजून केला नाही, त्यांनी हद्दीची बातमी येण्याची वाट पाहू नये.

गाव उठविण्याबद्दल थोडक्यात. गाभ्यातील गावाचे पुनर्वसन ग्रामसभेच्या व लोकांच्या संमतीशिवाय करता येत नाही. ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी रोख रक्कम किंवा वनखात्याने वसवून देणे असे दोन पर्याय आहेत. कुटुंबामागे दहा लाखांची रक्कम २०२१ मध्ये पंधरा लाख झाली. अठरा वर्षांवरील मुलगा, मग लग्न झालेले असो वा नसो, आणि अठरा वर्षांवरील अविवाहित मुलगी वेगळे कुटुंब धरले जाते. मुलीचे नाव यादीत टाकायला बापच विसरतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पंचनामा

आता रोजच्या दुखण्याकडे येऊ. हद्द वाढो न वाढो, रोही आणि रानडुक्कर वावरात येतातच. हरभऱ्याच्या घाटेभरणीत, धान दुधात असताना, भुईमूग पोसताना एका रात्रीत पीक आडवे होते. शेतकरी सकाळी पाहतो, शिव्या घालतो आणि कामाला लागतो. तक्रार देत नाही. "किती मिळणार? चकराच जास्त." हे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण तक्रार झाली नाही म्हणजे नुकसान झाले नाही, असेच सरकारी दप्तर समजते. उद्या हद्द ठरविताना कोणी विचारले की या गावाला जंगली जनावरांचा किती त्रास आहे, तर दप्तर कोरे.

पिकाचे नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पंचनाम्याला वनखात्याचा माणूस, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि आमच्या खात्याचे सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) असे तिघे असतात. ते येईपर्यंत वावर जसेच्या तसे राहू द्यावे. घाईने नांगर किंवा वखर फिरवू नये. खुरांचे ठसे, लेंड्या, मोडलेली ताटे यांचे फोटो घ्यावेत, त्यात वावराची ओळख पटेल असे झाड किंवा विहीर दिसली पाहिजे. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी क्षेत्र आणि टक्केवारी वाचून घ्या. 'अंदाजे' म्हणून लिहिलेला आकडा पुढे पक्का होतो. पटले नाही तर तेथेच आपले म्हणणे लिहायला लावा. सात-बारावर त्या हंगामाची पीक नोंद नसेल, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. ई-पीक पाहणीची नोंद वेळेवर करून ठेवा. अतिक्रमित वनजमिनीवरील पिकाला भरपाई नसते.

जनावर मारले गेले तर ४८ तासांच्या आत कळवावे आणि ते जागेवरून हलवू नये. दुःखाने माणूस ओढून नेऊन पुरतो, मग वाघाने मारले याचा पुरावा उरत नाही. त्या मढ्यावर विष तर मुळीच टाकू नये. वाघ मरेल, गावातली कुत्री मरतील आणि घरचा कर्ता तुरुंगात जाईल.

तारेचा करंट

सर्वांत कळकळीने लिहायचे ते हे. कुंपणाच्या तारेत विजेच्या लाईनचा थेट करंट सोडणे बंद झालेच पाहिजे. उमरेड-करांडलाला ज्याने नाव दिले तो 'जय' वाघ नागझिऱ्यातून २०१३ मध्ये इकडे आला आणि २०१६ मध्ये दिसेनासा झाला. त्याचा बच्चा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीड भागात एका वावरातील अशाच तारेने मेला आणि शेतकऱ्याला अटक झाली. वाघाचे राहू द्या. या तारांनी शेतकरी, मजूर, पहाटे धुऱ्यावर गेलेली पोरे मेली आहेत. डुक्कर मारण्यासाठी लावलेल्या तारेला आपले नाव-गाव कळत नाही.

सौर कुंपण वेगळे असते. त्याच्या यंत्रातून क्षणभराचा झटका येतो, मग खंड, मग पुन्हा झटका. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. बफरमधील गावांसाठी २०१५ पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे. गॅस, सौर कुंपण यांना तिच्यातून अनुदान मिळते. पण अनुदानाचे कुंपण दुसऱ्या वर्षी बंद पडलेले मी पुष्कळ पाहिले. तारेला गवत टेकले की झटका जमिनीत जातो. बॅटरीत पाणी घालायला कोणी नसते. एकट्याने लावले तर रोही शेजाऱ्याकडे वळतो आणि शेजारी तुमच्याकडे रागाने पाहतो. दहा-पंधरा जणांनी मिळून जंगलाकडच्या सलग काठाला लावावे, गवत काढण्याची पाळी ठरवावी, हे टिकते.

पिकांचीही मांडणी बदलता येते. जंगलालगतच्या पहिल्या पट्ट्यात मका, भुईमूग घेऊ नये. तेथे मिरची घ्यावी. रोही आणि डुक्कर तिला सहसा तोंड लावत नाहीत, आणि भिवापूरची मिरची तर भौगोलिक मानांकन मिळालेली. हरभऱ्याच्या काठाने करडईच्या चार-सहा ओळी दाट पेरल्या, तर काटा लागल्यावर रोही आत शिरायला कचरतो. डुक्कर मात्र करडईला जुमानत नाही, हेही सांगून ठेवतो. धानाची बांधी जंगलाला लागून असेल, तर लवकर येणारा वाण घ्या, म्हणजे जागलीच्या रात्री कमी होतात. जागल एकट्याने करू नका, आणि माळा जमिनीपासून उंच असू द्या. एप्रिलमध्ये मोहफूल वेचायला जाणाऱ्या बायाबापड्यांनी उजाडल्यावर, चौघी-पाचजणींनी मिळून, बोलत-आवाज करत जावे. वाकून वेचणारे माणूस वाघाला मागून जनावरासारखेच दिसते.

भरपाईचे दर शासन निर्णयाने वेळोवेळी बदलतात. चालू दराचा कागद वनपरिक्षेत्र कार्यालयातून मागून घ्यावा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर डकवावा. त्याच्या शेजारीच वनरक्षक, वनपाल आणि सहायक कृषी अधिकारी यांचे फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.